बुळकांडी कोणी संपवली?

(पक्षकार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुरांना लस टोचणे हा राजकीय अभ्यासवर्गाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हा विषय पशुवैद्यकांचा, फार तर जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन समितीचा, असे आपण धरून चालतो. परंतु ज्या समाजाचे सारे धन, अन्न आणि सारी सोयरीक गुरांवर उभी आहे, आणि ज्याच्या भूमीवर वर्षानुवर्षे बंदुका धडाडत राहिल्या आहेत, त्या समाजात लसीची सुई कोणाच्या हाती असावी हा प्रश्न अखेर सत्तेचाच प्रश्न ठरतो. दक्षिण सुदानातील गुराख्यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम रोगाविषयी. बुळकांडी हे नाव आपल्या खेड्यांतील वयोवृद्धांना अजून आठवत असेल. जनावराला ताप भरतो, डोळ्यांतून आणि नाकातून स्राव वाहू लागतो, तोंड आतून सोलवटून निघते, मग ढाळ सुरू होतात आणि आठदहा दिवसांत जनावर आडवे होते. ही साथ पूर्वी कधी न पाहिलेल्या कळपात शिरली म्हणजे दहांतली आठनऊ गुरे नेत असे. माणसाला हा रोग होत नाही. तो माणसाला मारतो तो उपासमारीने. बैल मेले की नांगर थांबतो, गाय मेली की दूध आटते, आणि पुढच्या हंगामात दुष्काळ दाराशी उभा राहतो.

या रोगाचा इतिहास साम्राज्यशाहीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. हिंदुस्थानात गुरांच्या साथींची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाचा अहवाल १८७१ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८८९ साली इंग्रज सरकारने जंतुशास्त्राची आपली शाही प्रयोगशाळा सुरू केली ती पुण्यात. चार वर्षांनी ती हिमालयातील मुक्तेश्वरला हलविण्यात आली. तेथेच १९२०च्या दशकात बुळकांडीचा विषाणू बोकडाच्या शरीरातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य करण्यात आला, आणि त्यापासून तयार झालेली लस पुढे अनेक देशांनी वापरली. पण त्याच सुमाराच्या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १८८७च्या सुमारास इटलीच्या वसाहती फौजेसाठी तांबड्या समुद्रावरील मसावा बंदरात जी गुरे उतरविण्यात आली, त्यांच्याबरोबर बुळकांडी आफ्रिकेच्या शिंगात शिरली, आणि ती गुरे हिंदुस्थानातून आली होती, असे अनेक इतिहासकार मानतात. दहा वर्षांच्या आत ती साथ खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊन पोचली. इथिओपियात १८८८ ते १८९२ या काळात जो दुष्काळ पडला, त्यात त्या देशाची एकतृतीयांश प्रजा मेली असावी असा अंदाज केला जातो. गुरांवर जगणारे समाज असे कोलमडलेले असतानाच युरोपीय सत्ता त्यांच्या भूमीवर पाय रोवीत होत्या. बंदुकीला जे जमले नसते ते काही ठिकाणी बुळकांडीने सोपे करून दिले.

आता निर्मूलनाच्या प्रयत्नांकडे वळू. केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लाउराइट या पशुवैद्याने १९६०च्या सुमारास पेशींच्या संवर्धनावर वाढविलेली नवी लस तयार केली. ती स्वस्त होती, निर्धोक होती, आणि एकदा टोचली की जनावराला जन्मभर पुरत असे. नवस्वतंत्र आफ्रिकी देशांनी १९६२ साली एकत्र येऊन संयुक्त मोहीम हाती घेतली, ती १९७६पर्यंत चालली. सरकारी पथके मोटारीतून येत, गुरे एका जागी गोळा करण्याचे हुकूम सुटत, टोचणी होई आणि पथक पुढे जाई. साथ जवळजवळ दिसेनाशी झाली. विजयाची भाषा सुरू झाली, पैसा आटला, पथके मोडली. मात्र दोन कोपऱ्यांत रोग शिल्लक होता. एक माली आणि मॉरिटानियाच्या सीमेवर, दुसरा दक्षिण सुदान आणि त्याला लागून असलेल्या इथिओपियाच्या मुलखात. नंतर जन्मलेल्या वासरांना कोणीच टोचले नव्हते. १९८०च्या दशकात त्या कोपऱ्यांतून साथ पुन्हा उसळली आणि सेनेगलपासून सोमालियापर्यंतच्या पट्ट्याला तिने पुन्हा ग्रासले. एकट्या नायजेरियात लाखो गुरे मेली.

रोग नेमका त्याच कोपऱ्यांत का उरला? जेथे सरकारची मोटार पोचत नव्हती तेथे तो उरला, हे याचे साधे उत्तर आहे. मोटार का पोचत नव्हती, या प्रश्नाचे उत्तर मात्र तितके साधे नाही. रस्ता नव्हता हे खरे, पण विश्वासही नव्हता. भटक्या गुराख्याच्या अनुभवात सरकारचा माणूस येतो तो कर वसूल करावयाला, गुरे मोजावयाला किंवा चराईची जमीन बंद करावयाला. त्याने गुरे एका जागी आणा म्हटले की शहाणा गुराखी रातोरात तळ हलवितो. या वागणुकीला अधिकाऱ्यांनी अडाणीपणा असे नाव दिले. तो अडाणीपणा नव्हता, तो अनुभव होता.

दक्षिण सुदानात याच्या जोडीला युद्ध आले. तेथील पहिले यादवी युद्ध १९७२ साली थांबले होते, दुसरे १९८३ साली पेटले आणि २००५पर्यंत चालले. खार्टूमचे सरकार एकीकडे, सुदान जनमुक्ती सेना दुसरीकडे, आणि १९९१ साली त्या सेनेतच फूट पडल्यावर डिंका आणि नुएर हे दोन मोठे गुराखी समाज एकमेकांसमोर उभे ठाकले. या समाजांत गाय म्हणजे काय हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. मुलांचे पोट गाईच्या दुधावर चालते. मुलीच्या लग्नात देज गाईंचे असते. खून झाला तर त्याची भरपाई गाईंनी होते आणि वैर मिटते. म्हणून शत्रूला खिळखिळे करावयाचे तर त्याची गुरे पळवावयाची, ही या युद्धाची रीत बनली. सरकारच्या पाठबळाने चालणाऱ्या घोडेस्वार टोळ्यांनी तेच केले आणि फुटलेल्या बंडखोर गटांनीही तेच केले. पळविलेल्या प्रत्येक कळपाबरोबर रोगही चालत गेला. लुटारूने दुसऱ्याची गाय आपल्या तळावर आणली तेव्हा आपल्या स्वतःच्या गाईंचे मरणही त्याने हाकीत आणले.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९८९ साली सुदानसाठी मदतकार्य सुरू झाले. दोन्ही पक्षांच्या संमतीने दोन्ही बाजूंच्या नागरिकांना अन्न व औषधे पोचवावयाची, असा त्याचा करार होता. त्यात पुढे युनिसेफने गुरांच्या लसीकरणाचे काम हाती घेतले. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने गाई टोचाव्या हे कोणाला विचित्र वाटेल. परंतु ज्या मुलखात मूल दुधावर जगते तेथे गाय वाचविणे म्हणजे मूल वाचविणेच होय.

आरंभीचे काम मात्र जुन्याच पद्धतीने चालले. लस थंड ठेवावी लागे. त्यासाठी शीतपेट्या, बर्फ, रॉकेलवर चालणारी शीतकपाटे आणि ती वाहून नेणारी विमाने लागत. विमान उतरू द्यावयाचे की नाही हे खार्टूम ठरवी. पावसाळ्यात नाईलच्या काठची विस्तीर्ण दलदल भरली की सारेच थांबे. १९९२ साली दक्षिण सुदानात जेमतेम १ लाख ४० हजार गुरांना लस टोचली गेली.

पुढच्याच वर्षी, १९९३ साली, हा आकडा १४ लाखांच्या वर गेला. १९९४ साली तो १७ लाखांच्या वर गेला. युद्ध थांबले नव्हते, रस्ते झाले नव्हते, दलदल आटली नव्हती. मग बदलले काय?

दोन गोष्टी बदलल्या. पहिली लस. जेफ्री मरिनर या अमेरिकी पशुवैद्याने प्लाउराइटच्याच लसीवर काम करून ती गोठवून वाळविण्याची क्रिया लांबविली, तिच्यातील ओलावा आणखी कमी केला आणि तिला धरून ठेवणारे मिश्रण सुधारले. या लसीची कुपी ३७ अंश उष्म्यात महिनाभर टिकू लागली. म्हणजे ती पाठीवरच्या पिशवीत घालून चार आठवडे पायी हिंडणे शक्य झाले. पाण्यात कालविल्यावर मात्र ती सावलीत ठेवून काही तासांत संपवावी लागे. हे संशोधन अमेरिकी सरकारच्या मदतनिधीतून, म्हणजे सार्वजनिक पैशातून झाले होते, हे आपणांस आवडो न आवडो, नमूद केले पाहिजे. त्यामागची दृष्टी अधिक महत्त्वाची आहे. तोवर गुराख्याने लसीच्या सोयीने वागावे अशी अपेक्षा होती. आता गुराख्याच्या वाटेने चालू शकेल अशी लस तयार करण्यात आली.

दुसरी गोष्ट माणसांची. लस टोचण्याचे काम बाहेरच्या पथकाकडून काढून गुराख्यांनी निवडलेल्या गुराख्यांकडे देण्यात आले. आधी तळावरच्या जाणत्यांशी बोलणी होत. कोणते रोग गुरांना होतात, कोणता सर्वांत घातक, पूर्वी काय उपाय केले, हे त्यांच्याकडून समजून घेतले जाई. बाहेरून आलेल्या पशुवैद्यांना तेथे एक धडा मिळाला. बुळकांडीची लक्षणे, ती कशी पसरते, एकदा वाचलेले जनावर पुन्हा आजारी पडत नाही, हे सारे गुराख्यांना अगोदरच ठाऊक होते, आणि रोगाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नाव होते. त्यांना ठाऊक नव्हती ती फक्त सुई. मग ज्याच्यावर तळाचा विश्वास आहे, ज्याची स्वतःची गुरे आहेत आणि जो कळपाबरोबर चालतो, असा माणूस तळानेच निवडावा, त्याला थोड्या दिवसांचे शिक्षण द्यावे आणि लस त्याच्या हाती सोपवावी, अशी पद्धत बसली. अक्षरओळख ही अट नव्हती. उन्हाळ्यात नदीकाठी तळ एकवटतात तेव्हा टोचणी करावयाची, हा हंगामही गुराख्यांच्याच पंचांगाने ठरला.

इथिओपियाच्या अफार मुलखातील अनुभव याला दुजोरा देतो. तेथील सशस्त्र भटक्या पशुपालकांत जावयाला सरकारी पथके कचरत. १९९४ साली त्या समाजातल्याच २० जणांनी ७३ हजार गुरांना लस टोचली. नंतर पाहणी केली तेव्हा टोचलेल्या गुरांपैकी ८३ टक्क्यांत प्रतिकारशक्ती आढळली. १९९५च्या अखेरीपासून तेथे बुळकांडीची साथ झाली नाही. दक्षिण सुदानात १९९८ नंतर ती आढळली नाही. जगातील शेवटची नोंद २००१ साली केनियातील रानटी म्हशींत झाली. भारतात शेवटची लागण १९९५ साली, म्हणजे १९५४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेनंतर चार दशकांनी झाली होती. २८ जून २०११ रोजी जागतिक अन्न व कृषी संघटनेने बुळकांडी पृथ्वीतलावरून नाहीशी झाल्याचे जाहीर केले. देवीनंतर मानवाने समूळ उखडलेला हा दुसरा रोग होय.

या कामाला विरोध झाला नाही असे नाही. त्यातील तीन आक्षेप कार्यकर्त्यांनी गंभीरपणे घ्यावे असे आहेत.

पहिला आक्षेप पशुवैद्यांच्या व्यवसायाकडून आला. निरक्षराच्या हाती सुई देणे हा शास्त्राचा अवमान आहे, असे अनेक देशांतील पदवीधरांचे म्हणणे होते. त्यात दर्जाची काळजी होती तशी मिरासदारीचीही होती. अफारच्या आकड्यांनी त्याचे उत्तर दिले. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. त्या २० जणांना लस तयार करता आली नसती आणि ८३ टक्के हा आकडाही काढता आला नसता. त्यासाठी प्रयोगशाळाच लागली. ज्ञान लोकांच्या हाती देणे म्हणजे विद्यापीठाला कुलूप लावणे नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गाय वाचली की ती सैनिकाच्याही पोटात जाते, लुटारूच्याही दावणीला बांधली जाते. मग लसीकरणाने युद्धालाच रसद पुरविली नाही काय? हा युक्तिवाद अन्नाविरुद्धही करता येतो आणि पाण्याविरुद्धही. सैनिक जेवतो म्हणून मुलाला उपाशी ठेवावयाचे काय? मात्र या आक्षेपातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. एकाच जमातीची गुरे टोचली आणि शेजारच्यांची राहिली तर पुढच्या लुटीबरोबर रोग परत येतो, शिवाय टोचणारा हा पक्षपाती ठरतो. तेव्हा दोन्ही बाजूंची गुरे टोचणे हे नीतीने जितके आवश्यक, तितकेच शास्त्रानेही. डिंका आणि नुएर एकमेकांचे वैरी असतील, विषाणूला ते भेद ठाऊक नव्हते.

तिसरा आक्षेप आपल्या विचाराच्या लोकांनी घेतला पाहिजे, आणि स्वतःविरुद्धच घेतला पाहिजे. सरकारविना हे काम झाले, ते परदेशी मदतीवर आणि स्वयंसेवी संस्थांच्या आधारे झाले, म्हणून राज्यसंस्थेची गरज नाही, असे या कथेचे तात्पर्य काढणारे पुष्कळ आहेत. १९८०च्या दशकापासून आफ्रिकेतील सरकारांना कर्ज देताना सरकारी खर्च कापा आणि पशुवैद्यकीय सेवा खाजगी करा असा आग्रह जागतिक बँकेने धरला होता. त्या धोरणाचे समर्थक दक्षिण सुदानच्या गुराख्याकडे बोट दाखवितात. पण बुळकांडी संपली ती बाजारपेठेने संपविली नाही. साथीची लस हा ऐपतीप्रमाणे विकत घ्यावयाचा माल असू शकत नाही. हजार गाईंच्या धन्याने आपली गुरे टोचून घेतली आणि शेजारच्या चार गाईंची विधवा राहून गेली, तर साथ राहतेच. तिच्या चार गाई टोचण्यात सर्व खंडाचे हित आहे, आणि तो खर्च समाजानेच उचलावयाचा असतो.

शिवाय बुळकांडीचा शत्रू म्हणून एक विशेष होता. एक टोचणी जन्मभर पुरत असे. घटसर्प, फऱ्या, फाशी हे रोग तसे नाहीत. त्यांच्यासाठी लस पुनःपुन्हा द्यावी लागते, औषध कायम लागते. देणगीदारांचा उत्साह ओसरला की निवडलेल्या गुराख्याची पिशवी रिकामी होते, आणि ती कोण भरणार हा प्रश्न उरतो. विदेशी दात्याची सत्ता ही लोकसत्ता नव्हे. तो ज्याला जबाबदार असतो तो मतदार तिसऱ्याच देशात राहतो. म्हणून खरा प्रश्न सरकार असावे की नसावे हा नाही. लोकांनी निवडलेला माणूस आणि सार्वजनिक तिजोरी यांची गाठ कशी घालावयाची, हा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा भाऊबंद शेळ्यामेंढ्यांत अजून हिंडतो आहे. पीपीआर या नावाने ओळखला जाणारा हा रोग म्हणजे गरिबाच्या जनावराची बुळकांडी. गाय गेलेल्या घराला शेळी सावरते, आणि हा रोग नेमका तिच्यावर येतो. २०३०पर्यंत तो जगातून नाहीसा करावा असे आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरविले आहे. लस चांगली आहे. तिलाही उष्मा सोसण्याजोगी करण्यात आली आहे. अडथळा पुन्हा तोच आहे. सुदानात एप्रिल २०२३मध्ये खार्टूमच्या रस्त्यांवरच दोन सैन्यांची लढाई सुरू झाली आणि गुराख्यांचा सारा मुलूख तिच्यात ओढला गेला. साहेलच्या पट्ट्यात, सोमालियात, जेथे जेथे पशुपालक आणि बंदूक एकत्र आहेत, तेथे तेथे लसीची वाट अडलेली आहे.

आपल्याकडे हा रोग १९८७ साली तामिळनाडूत प्रथम ओळखला गेला आणि तो महाराष्ट्रातही आहे. येथे युद्ध नाही. पण दिवाळीनंतर माणदेशातून कोकणाकडे उतरणारा आणि पावसाच्या तोंडावर परतणारा धनगरांचा वाडा कोणत्या गावच्या वहीत नोंदला जातो? टोचणीची यादी गावाच्या नावाने होते आणि मेंढरे वाटेवर असतात. बंदूक नसतानाही सरकारची मोटार आणि भटका कळप यांची चुकामूक होऊ शकते. त्या वाड्यातील एखादा तरुण वा एखादी बाई निवडून, शिकवून, तिच्या हाती लस देण्याचा विचार कार्यकर्त्यांनी पशुसंवर्धन खात्यापुढे आणि मेंढपाळांच्या बैठकीत मांडला पाहिजे. आधी मेंढपाळांच्या बैठकीत, मग खात्यापुढे. दक्षिण सुदानातील क्रमही तोच होता.

शेवटी दोन तारखांची नोंद करणे आवश्यक आहे. २८ जून २०११ रोजी बुळकांडी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. त्यानंतर ११ दिवसांनी, ९ जुलै २०११ रोजी, दक्षिण सुदान स्वतंत्र झाला. गुराख्यांनी आपल्या भूमीवरून त्या रोगाला कायमचे घालविले होते आणि आता त्यांचे स्वतःचे राज्य आले होते. त्या राज्याने त्यांच्यापासून काही शिकावयाला हवे होते. डिसेंबर २०१३मध्ये तेथील नेत्यांनी आपसांतील सत्तास्पर्धेपायी देशाला पुन्हा यादवीत लोटले. डिंका आणि नुएर पुन्हा समोरासमोर आले, कळप पुन्हा लुटले गेले. त्या लुटीबरोबर बुळकांडी मात्र चालत आली नाही. पंधरा वर्षांपूर्वी पाठीवर पिशवी घेऊन दोन्ही बाजूंच्या तळांवर पायी हिंडलेल्या माणसांची ती कमाई होती, आणि तेवढी तरी कोणत्याही सेनापतीला हिरावून घेता आली नाही.